शिल्लक पुढे नेली

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ गावाच्या शिवारात घटमांडणी होते. शेतात वर्तुळ आखून त्यात अठरा प्रकारची धान्ये मांडली जातात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून मातीची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि वर पापड, कुरडई, सांडोई, पुरी असा सरंजाम असतो. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातील जाणकार मांडणीत काय हलले, काय विस्कटले हे पाहून पाऊस, पीक, भाव आणि राज्यकारभार यांविषयीची भाकिते सांगतात. तीनशेहून अधिक वर्षांची म्हणून सांगितली जाणारी ही प्रथा आहे. दुसऱ्या दिवशी यवतमाळ, दारव्हा, पुसदकडची माणसे वर्तमानपत्रात ती भाकिते वाचतात. ज्यांचा विश्वास आहे तेही वाचतात आणि ज्यांचा नाही तेही वाचतात, कारण कपाशी केव्हा लावायची हा प्रश्न दोघांनाही सारखाच असतो. जैन घरांत त्याच दिवशी वर्षीतपाची पारणी उसाच्या रसाने होत असल्यामुळे तिथीचे स्मरण निराळे करून द्यावे लागत नाही.

भेंडवळचे एक दूरचे भावंड अमेरिकेत आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात पंक्सटॉनी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील टेकडीवर १८८७ पासून दर २ फेब्रुवारीला पहाटे माणसे जमतात आणि ग्राउंडहॉग नावाच्या, खारीच्या कुळातील पण सशाहून थोराड प्राण्याला बिळातून बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे राहणार, दिसली नाही तर वसंत लवकर येणार, असा ठोकताळा आहे. जर्मनीतून गेलेल्या वसाहतकऱ्यांनी तो बरोबर नेला. त्या प्राण्याचे नाव फिल.

या सोहळ्याचे वार्तांकन करण्यासाठी आलेल्या एका माणसाची गोष्ट म्हणजे १९९३ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झालेला 'ग्राउंडहॉग डे' हा चित्रपट. कथा डॅनी रुबिन यांची, पटकथा रुबिन आणि हॅरॉल्ड रॅमिस या दोघांची, दिग्दर्शन रॅमिस यांचे. नायकाचे नावही फिलच आहे. पिट्सबर्गच्या दूरचित्रवाणी केंद्रावर हवामानाचा अंदाज सांगणारा हा फिल कॉनर्स (अभिनेता बिल मरे) हुशार, शीघ्रकोपी आणि भोवतालच्या प्रत्येकाला तुच्छ लेखणारा आहे. हिमवादळ या बाजूला येणार नाही असा त्याचा अंदाज असतो. वादळ नेमके येते, रस्ते बंद होतात आणि अंदाज सांगणाराच गावात अडकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता उशाशी असलेल्या घड्याळातील रेडिओवर तेच गाणे, निवेदकांचे तेच विनोद, खिडकीबाहेर तीच गर्दी. तारीख पुन्हा २ फेब्रुवारी. तिसऱ्या दिवशीही तीच. त्यानंतर किती दिवस हे चालले याचा पत्ता चित्रपट देत नाही.

पडद्यावर दिसणारे दिवस चाळिसाच्या आतबाहेर भरतील. रुबिन यांच्या मूळ संहितेत नायक मुक्कामाच्या घरातील फडताळातल्या पुस्तकांचे रोज एक पान वाचून काळ मोजत असे. रॅमिस यांनी एकदा दहा वर्षे म्हटले, पुढे तीस-चाळीस वर्षे म्हटले. त्याने आत्मसात केलेल्या पियानो, फ्रेंच भाषा, बर्फातील शिल्प इत्यादी विद्यांना लागणारा काळ धरून एका हिशेबी प्रेक्षकाने चौतीस वर्षांच्या जवळपास बेरीज काढली आहे. चौतीस वर्षे म्हणजे नोकरीची एक पुरती कारकीर्द! तीही एकाच तारखेची.

हे का घडते, याचे उत्तर चित्रपट देत नाही. निर्मितीच्या एका टप्प्यावर दुखावलेल्या प्रेयसीच्या शापाचा प्रसंग योजलेला होता, तो वगळला गेला. त्याला कात्री लागली हे या चित्रपटाचे भाग्य म्हणावे लागेल. कारण सांगितले असते तर उपायही सांगावा लागला असता, आणि मग ही गोष्ट उताऱ्याची, गंड्यादोऱ्याची झाली असती. आपल्याकडील अलीकडच्या चित्रपटांशी तुलना केली की हे चटकन लक्षात येते. २०२५ च्या 'भूल चूक माफ'मध्ये वाराणसीचा नवरदेव हळदीच्या दिवसात अडकतो, तेथे सरकारी नोकरीसाठी बोललेला आणि न फेडलेला नवस हे कारण हजर आहे. २०२२ च्या 'लूप लपेटा'ने मूळ जर्मन चित्रपटाची नायिका घेऊन तिला सावी आणि तिच्या प्रियकराला सत्या केले, म्हणजे सावित्रीची कथा आधाराला आणली. भारतीय प्रेक्षकाला कार्यकारणभावाशिवाय चैन पडत नाही. त्यात लाजण्यासारखे काही नाही. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या समाजाची ती सवयच आहे.

अडकल्यावर फिल प्रथम काय करतो, हा भाग हिशेब ठेवणाऱ्या वाचकाला विशेष रुचेल. उद्या नाही म्हणजे परिणाम नाहीत, हे ध्यानात येताच तो खाण्यापिण्यात, वाहन बेफाम हाकण्यात, ओळखी काढून फसवण्यात रमतो. बँकेच्या दाराशी रोकड वाहून नेणारी गाडी उभी राहते. पहारेकऱ्याचे लक्ष कोणत्या क्षणी विचलित होते हे त्याने मोजून ठेवलेले असते, आणि त्या क्षणी तो शांतपणे पैशांची थैली उचलून चालू लागतो. चोरी बिनबोभाट पार पडते. परंतु सकाळी सहा वाजता ती रक्कम त्याच्याजवळ नसते. रोजकीर्द मिटवून दुसऱ्या दिवशी उघडावी आणि आरंभीची शिल्लक शून्य निघावी, असा तो प्रकार. पैसा पुढे जात नाही, जखम पुढे जात नाही, कर्ज नाही, अपकीर्ती नाही. पुढे जाते ते केवळ त्याला जे कळले ते. पियानोचा पहिला धडा ज्या बाईंकडे घेतला त्यांना दुसऱ्या दिवशी तो ओळखीचा नसतो, पण त्याची बोटे कालची असतात.

रिटा या सहकारी निर्मातीला जिंकण्यासाठी त्याने केलेला उद्योगही याच जातीचा. तिच्या आवडीनिवडी रोज थोड्या काढून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी जणू स्वतःच्याच म्हणून सांगायच्या. प्रत्येक रात्र थपडेने संपते. त्याने माहिती अचूक जमवलेली असते, तरीही तिला काही तरी खोटे असल्याचा वास येतो. त्या थपडांच्या मालिकेला प्रेक्षागृह हसते. त्यानंतर चित्रपटाचा सूर काळोखा होतो. फिल पुन्हा पुन्हा स्वतःला संपवू पाहतो आणि प्रत्येक वेळी सहा वाजता त्याच बिछान्यात जागा होतो.

हा भाग विनोदाच्या चालीनेच दाखवला आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यात बसून तो पाहताना हसू घशात अडकते हे नमूद केले पाहिजे. या जिल्ह्याचे नाव देशभर ज्या कारणाने पोचले ते येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. जुलै २००६ च्या आरंभी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. २००८ मध्ये केंद्राची कर्जमाफी झाली, २०१७ मध्ये राज्याची, २०१९ च्या अखेरीस पुन्हा राज्याची. त्याच २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली आणि फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यातील शेतकरी व शेतमजूर दगावले. ये रे माझ्या मागल्या, असे म्हणावे तर म्हणीतला खेळकरपणाच नकोसा वाटतो.

पीककर्जाच्या व्यवहारात 'नवे-जुने' म्हणून एक शब्द आहे. ३१ मार्चच्या आत जुने कर्ज भरायचे, एप्रिलमध्ये नवे उचलायचे. भरण्यापुरते पैसे हातात नसतील तर कोणाकडून तरी चार दिवसांसाठी हातउसने घ्यायचे, भरणा करायचा आणि नवे कर्ज मिळाले की त्याचे त्याला परत करायचे. कागदोपत्री खाते नियमित राहते, थकबाकी दिसत नाही, सवलतीचा व्याजदर टिकतो. शेतकऱ्याच्या हाती मात्र पेरणीला द्यायला पूर्वीइतकेच, कधी पूर्वीहून कमी उरते. या व्यवहारात कोणाची लबाडी असतेच असे नाही, पुष्कळदा तो दोन्ही बाजूंनी सोयीचा असतो. मात्र तो वर्षानुवर्षे चालला की पंक्सटॉनीच्या अगदी उलट चित्र तयार होते. तेथे कर्ज रात्रीत पुसले जाते आणि शहाणपण पुढे जाते. येथे शहाणपण कितीही आले तरी पुढे नेली जाते ती नावे बाजूची शिल्लक. आणखी एक फरक असा की फिलला येणारा दिवस मिनिटामिनिटाने पाठ आहे. येथल्या माणसाचे वर्ष तेच असते, पाऊस तेवढा दर खेपेला अनोळखी असतो.

म्हणून हा चित्रपट संकटात असलेल्या माणसाला दिलासा म्हणून दाखवण्याचा आहे, असे काही भाविक समीक्षक सुचवतात ते पटत नाही. मनाची दृष्टी बदला म्हणजे दिवस बदलेल, हे सातबारा गहाण पडलेल्याला सांगणे क्रूरपणाचे आहे. चित्रपटालाही ते सांगायचे नसावे. कारण त्याच्या उत्तरार्धात फिल दुसऱ्याच गोष्टीत पारंगत होतो. एक मुलगा रोज त्याच वेळी झाडावरून पडतो. फिलला ती वेळ ठाऊक आहे म्हणून तो धावत जाऊन त्याला झेलतो. मुलगा एकदाही आभार मानत नाही, पळून जातो, आणि फिल त्याच्या नावाने चरफडत पुढच्या कामाला लागतो, कारण अमुक वाजता वृद्ध स्त्रियांच्या मोटारीचे चाक पंक्चर होणार असते आणि तमुक वाजता उपाहारगृहात एकाच्या घशात घास अडकणार असतो. त्याचे चांगुलपण म्हणजे, नीट पाहिले तर, वेळापत्रकाचे ज्ञान आणि वेळेवर पोचणे एवढेच आहे. खेड्यात अशा वेळा कोणाला माहीत नसतात? पेरणी उलटल्यावरचा आठवडा, बोंडअळी दिसल्याचा दिवस, वसुलीची नोटीस, मुलीच्या लग्नाची तिथी, शाळा उघडण्याचा महिना. कोणत्या घरात कोणत्या सुमारास माणूस गप्प होतो हे शेजाऱ्याला कळते, सोसायटीच्या सचिवाला कळते, दुकानदाराला कळते, बँकेच्या खिडकीपलीकडे बसलेल्यालाही कळते. त्या वेळेला तेथे कोण पोचले, हा प्रश्न या विनोदी चित्रपटाने नकळत विचारला आहे.

आणि पोचूनही काही हातून निसटते, हेही त्याने लपवलेले नाही. गावात एक वृद्ध भिकारी आहे. आरंभी फिल त्याला टाळून पुढे जात असे. एका रात्री तो त्याला इस्पितळात नेतो आणि वृद्ध मरण पावतो. पुढच्या त्याच दिवशी फिल त्याला गरम सूप पाजतो, पोटभर खाऊ घालतो, गल्लीत पडल्यावर तोंडाने श्वास देतो. तरीही तो त्या रात्री जातोच. अख्खे गाव तोंडपाठ असलेल्या माणसाला या एका ठिकाणी काहीही करता येत नाही. परिचारिका सांगते की त्याची वेळ आली होती. फिलला ते ऐकून घेणे फार जड जाते. आयुष्यकर्म हा शब्द ज्यांच्या घरात लहानपणापासून ऐकू येतो आणि बारा भावनांतील अशरण भावना ज्यांना पाठ असते, त्यांनाही हा प्रसंग पाहताना आपली पाठांतराची सवय अपुरी वाटेल. चित्रपटातील सर्वांत गंभीर दोन-तीन मिनिटे ती हीच.

चित्रपट प्रदर्शित झाल्यावर रॅमिस यांना अनपेक्षित पत्रे येऊ लागली. यहुदी धर्मगुरूंनी लिहिले की ही आमच्या शिकवणीची कथा आहे. जेझुइट पाद्र्यांनी तेच लिहिले. बौद्धांनी आणि योगसाधकांनीही. रॅमिस स्वतः यहुदी कुटुंबात जन्मलेले, बौद्ध विचाराकडे ओढा असलेले. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने चित्रपट आणि श्रद्धा या विषयावर मालिका आखली, तिचा आरंभ या विनोदी चित्रपटाने केला. २००६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत त्याचा समावेश केला. ब्रिटिश अकादमीचे मूळ पटकथेचे पारितोषिक त्याला पूर्वीच मिळाले होते. २०१६ मध्ये लंडनला त्यावरून संगीत नाटक झाले. इंग्रजीत तर त्याचे नावच कंटाळवाण्या पुनरावृत्तीसाठी शब्द म्हणून रुळले.

जैन वाचकाला यात स्वतःचे किती सापडेल? बरेच, पण सगळे नाही. मरणाने सुटका होत नाही, केवळ सकाळ होते, हे त्याला समजावून सांगावे लागणार नाही. रोज संध्याकाळी दिवसाकडे मागे वळून पाहण्याची रीत प्रतिक्रमणात आहेच, आणि फिलचा उत्तरार्धातील प्रत्येक दिवस आदल्या दिवसाची चूक दुरुस्त करण्यात जातो. मात्र आपल्या कालचक्रात एकच दिवस फिरत राहत नाही. अवसर्पिणी आणि उत्सर्पिणी यांचे सहा-सहा आरे चढत-उतरत जातात, तेथे कालचा दिवस जसाच्या तसा परत मिळण्याची सोय नाही. शिवाय फिलची सुटका संसारातून होत नाही, संसारात होते. ३ फेब्रुवारी उजाडते तेव्हा त्याच्या शेजारी रिटा असते, बाहेर ताजे बर्फ पडलेले असते, आणि या गावातच राहू या असे तो म्हणतो. लगेच पुढे जोडतो की सुरुवातीला घर भाड्याने घेऊ. इतक्या उन्नतीनंतरही ही सावध व्यवहारबुद्धी शिल्लक आहे याचे बरे वाटते. गृहस्थधर्माची कथा म्हणून ती पाहावी, मोक्षमार्गाची म्हणून नव्हे.

एक लहान गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नेड रायर्सन नावाचा शाळासोबती असलेला विमा प्रतिनिधी फिलला रोज रस्त्यात गाठतो. चिकट, बडबड्या, हसताना पूर्ण बत्तिशी दाखवणारा. फिल त्याला टाळतो, तोडून बोलतो, एकदा ठोसाही मारतो. अखेरच्या दिवशी रात्रीच्या मेजवानीत नेड आनंदाने सांगतो की फिलने त्याच्याकडून आयुर्विमा, मोटार, आग, चोरी, दातांचा, आरोग्याचा, मिळतील तेवढे सगळे विमे उतरवले. ज्या माणसाच्या अनुभवात उद्या कधी उगवलेलाच नाही, त्याने विमा घ्यावा! सकाळी सहाला ते सारे करार नाहीसे होणार हे त्याला पक्के ठाऊक आहे. नेडला मिळालेले काम आणि त्याचा आनंदही नाहीसा होणार आहे. तरी त्या एका संध्याकाळपुरते नेडने खूश असावे म्हणून तो सह्या करतो. विम्याच्या इतिहासात इतका निःस्वार्थ विमेदार झाला नसेल, आणि नेमका त्याच रात्रीनंतर त्याला उद्या मिळतो व हप्ते भरण्याची जबाबदारीही येते.

या चित्रपटाच्या निर्मितीत बिल मरे आणि हॅरॉल्ड रॅमिस यांचे बिनसले. त्याआधी दोघांनी अनेक चित्रपट बरोबर केले होते, जुनी मैत्री होती. एकाला चित्रपट अधिक तत्त्वचिंतनात्मक हवा होता, दुसऱ्याला विनोद सांभाळायचा होता, असे कारण सांगितले जाते. तंटा काहीही असो, दोघे जवळजवळ वीस वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. दरम्यान दोघांचीही ख्याती मुख्यतः याच चित्रपटाने वाढत राहिली, आणि दर २ फेब्रुवारीला अमेरिकेतील वाहिन्या तो दाखवीत राहिल्या. २०१० पासून रॅमिस आजारी होते. शेवटच्या दिवसांत मरे त्यांना भेटायला घरी गेले. तोवर रॅमिस यांना बोलणे फारसे साधत नव्हते. २४ फेब्रुवारी २०१४ रोजी ते वारले.